अंगठ्याखालचं बटण

सकाळ म्हणजे त्या घरात लढाईच. एका शेगडीवर चहा, दुसरीवर कुकर, ओट्यावर तोंड उघडून बसलेले डबे आणि न्हाणीघराच्या दाराशी टॉवेल खांद्यावर टाकून उभा असलेला नवरा. "आत कोण आहे?" असं तो रोज विचारायचा, जसं काही घरात पलटण राहत होती. आत बाबा, म्हणजे त्याचे वडील, असत. वॉकर दाराबाहेर उभा दिसला की बाबा आत आहेत हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं, पण नवऱ्याला विचारल्याशिवाय चैन पडत नसे.

"आत मी आहे आणि आणखी थोडा वेळ असणार आहे," आतून बाबांचा आवाज आला. "घाई असेल त्याने शेजारी विचारावं."

सुनेला हसू आलं. तिचा एक डोळा कुकरवर होता आणि दुसरा जेवणाच्या टेबलाकडे. टेबलाशी सासूबाई लॅपटॉप उघडून बसल्या होत्या. एक चष्मा नाकावर, दुसरा डोक्यावर, आणि डोक्यावरचा सापडत नाही म्हणून दिवसातून एकदा तरी घरभर शोधमोहीम. जन्मभर इस्पितळात वॉर्डची सिस्टर म्हणून काढलेल्या या बाईला निवृत्तीनंतरही सगळी गल्ली सिस्टरच म्हणायची. घरात मात्र त्या आई.

"आई, चहा निवतोय."

"निवू दे गं. गरम चहा प्यायला मिळेल अशी नोकरीच नव्हती माझी. आता सवय मोडून काय करू?"

त्यांनी लॅपटॉपवर काहीतरी जरासं सरकवलं, मान मागे घेऊन पाहिलं, पुन्हा जरासं सरकवलं. बिछान्याची चादर ओढून घेताना एखादी सुरकुती राहू नये म्हणून बघतात ना, तसं.

तेवढ्यात दार वाजलं. घंटा होती, पण ती बिघडलेली होती आणि नवरा ती येत्या रविवारी दुरुस्त करणार होता. येता रविवार येतच होता.

दारात नियमकाका. हे रुग्णसाहित्य केंद्राचे सचिव. आजारी माणसाच्या घरी लागणाऱ्या वस्तू, म्हणजे चाकाची खुर्ची, लोखंडी खाट, कुबड्या, हवेची गादी, हे केंद्र लोकांना वापरायला देई आणि काम झालं की परत घेई. पलीकडच्या गल्लीत दोन खोल्यांत केंद्राचा संसार. काकांचं खरं नाव लोक विसरले होते, कारण ते "नियमाप्रमाणे" म्हटल्याशिवाय शिंकतसुद्धा नसत.

"बसा," सुनेने खुर्ची ओढली. "चहा टाकते."

"नको नको. म्हणजे टाकलाच असेल तर घेतो." काका बसले, उठले, परत बसले. "सिस्टर, एक सांगायचंय. चांगलीच बातमी आहे."

"चांगली बातमी सांगायला कुणी असं हात चोळत येत नाही. बोला."

मग काकांनी एकेक करत बाहेर काढलं. केंद्राला नव्या खाटा देणाऱ्या देणगीदारांनी आपल्या कचेरीतल्या मोठ्या पडद्यावर केंद्राची वेबसाइट उघडली होती. बरोबर पाहुणे होते. आणि पहिलं पान बघून त्यांना म्हणे मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांची पुतणी डिझायनर. तिने लगेच नवीन पहिलं पान करून दिलं, फुकटात. आज चारला कार्यकारिणीची बैठक. सगळ्यांना पसंत पडलं की आजच जुनं पान उतरणार.

"जुनं म्हणजे माझं," सासूबाई म्हणाल्या.

"तुमच्या कामाबद्दल आभाराचा ठराव आहे, नियमाप्रमाणे. पुष्पगुच्छही सांगून ठेवलाय."

"म्हणजे निरोप समारंभच की! एकदा निवृत्त झाले त्याने पोट भरलं नाही का तुमचं?"

काकांनी तोंड चहाच्या कपात बुडवलं. कुकरने शिट्टी दिली. सुनेच्या हातातलं डब्याचं झाकण तसंच राहिलं, कारण ते पान का झालं, कसं झालं, हे त्या खोलीत दोघींनाच पुरतं ठाऊक होतं.

बाबा पडले तो दिवस सून विसरू म्हणता विसरू शकत नव्हती. दुपारची वेळ. नवरा कामावर, सासूबाई बहिणीकडे निघालेल्या, बसमध्ये, फोन लागत नव्हता. बाबा व्हरांड्यात घसरले आणि कुशीवर आपटले. ती धावली. त्यांची मान तिने डाव्या हातावर घेतली, आणि तो हात काढायची सोय उरली नाही, कारण काढला की मान फरशीवर. उजव्या हातात फोन. केंद्र पलीकडच्या गल्लीत, एक हाक मारली तर दोन माणसं खुर्ची घेऊन धावत आली असती. पण घरात सिस्टर असताना केंद्राचा नंबर कोण साठवून ठेवणार? तिने वेबसाइट उघडली. आधी उद्घाटनाचा फोटो आला. तो आपोआप सरकला आणि कार्यकारिणीचा फोटो आला. मग संस्थेचा इतिहास. मग अध्यक्षांचं मनोगत. तिचा अंगठा पान वर ढकलत राहिला, ढकलत राहिला, आणि नंबर होता अगदी तळाशी, राखाडी रंगात, मुंगीच्या पावलाएवढ्या अक्षरांत. त्यावर बोट ठेवलं तर फोन लागेना, नुसताच फोटोसारखा तो तिथे चिकटलेला. शेवटी तिने घसा ताणून शेजारच्यांना हाक मारली. तोवर बाबा गार फरशीवर पडून होते, आणि वर तिलाच म्हणत होते, "रडू नकोस गं, मला इथे बरं वाटतंय, उकाडा कमी आहे."

खुब्याचं हाड चिरलं होतं. वॉकर तेव्हापासूनचा.

सासूबाई परत आल्या तेव्हा त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि मग एकच विचारलं, "केंद्राला फोन का नाही केलास?" तिने आपला फोन पुढे केला. सासूबाईंनी ते पान उघडलं. अंगठ्याने वर ढकलत गेल्या. फोटो, इतिहास, मनोगत. तळाला पोचल्यावर त्यांनी फोन उलटा करून टेबलावर ठेवला आणि सुनेच्या डोक्यावरून हात फिरवला. दुसऱ्या दिवशी सकाळीच त्या नियमकाकांच्या दारात उभ्या होत्या. पासवर्ड द्या म्हणाल्या.

त्यांना यातलं ओ की ठो कळत नव्हतं. वेबसाइट एका तयार साच्यावर उभी होती. साच्यात हात घालायचा तर कोड लिहावा लागतो, आणि एक चिन्ह चुकलं तर आख्खं पान आडवं. हे त्यांना केंद्राच्या खजिनदार बाईंनी सांगितलं, वर हेही सांगितलं की साच्याला हात न लावता रूप पालटणारं एक प्लगइन मिळतं. सासूबाईंनी ते बसवलं. त्यात डावीकडे रंगांचे चौकोन आणि सरकपट्ट्या, उजवीकडे आपलं पान. पानातल्या ज्या भागावर टिचकी मारावी त्याचा रंग, अक्षराचा आकार, वरखालची जागा असं सगळं सरकपट्टीने बदलता येई. 'प्रकाशित करा' म्हणेपर्यंत बाहेर कुणाला काही दिसत नसे.

"हे बघ, हा एप्रन आहे," त्या सुनेला समजावत. "आतला गणवेश तसाच. वर एप्रन चढवला. आवडला नाही, काढून ठेवला. गणवेशाला डाग नाही."

सुनेने एकदा विचारलं होतं, "आई, पण कुठे काय ठेवायचं हे कसं ठरवता?"

"ट्रे लावतात तसं. रात्रपाळीला दिवे मंद असतात, एक हात पेशंटवर असतो. दुसरा हात न बघता जिथे पडेल तिथे पाहिजे ती वस्तू हवी. शोभेची वस्तू ट्रेमध्ये ठेवणारीला मी वॉर्डात टिकू दिलं नाही."

मग त्यांनी सगळ्या घराचे अंगठे तपासले. नवऱ्याला, बाबांना, दूधवाल्याला, मीटर वाचायला आलेल्या माणसालासुद्धा म्हणाल्या, एका हातात फोन धरा बघू, अंगठा सहज कुठे टेकतो? फोनच्या तळाशी, जरा उजवीकडे. झालं. फोटो सरकायचे बंद केले. इतिहास आणि मनोगत आतल्या पानांवर पाठवलं. अध्यक्ष महिनाभर त्यांच्याशी तोंड वाकडं करून बोलत होते. अक्षरं काळीभोर आणि मोठी झाली. आणि तळाशी एक जाडजूड बटण आलं, पान कितीही वर ढकला, जागचं हलणार नाही असं. त्यावर लिहिलं होतं: 'आत्ता फोन करा'.

ते बटण त्यांनी लाल केलं. वॉर्डात तातडीचं सगळं लालच. लाल पट्टी, लाल दिवा, लाल डबा. त्या खूश होत्या. आणि केंद्राचे फोन कमी झाले. येणारे फोन निम्म्यावर आले आणि कुणाला कारण कळेना. नियमकाका म्हणाले, गावाची तब्येत सुधारली असेल. सासूबाईंना ते पटलं नाही. एक दिवस एक म्हातारे गृहस्थ काठी टेकत स्वतःच केंद्रात आले, बायकोसाठी हवेची गादी हवी होती.

"एवढं उन्हातून कशाला आलात?" सासूबाई म्हणाल्या. "पानावर बटण आहे की."

"आहे, पाहिलं मी. पण लाल आहे ना. फोनवर लाल दाबलं की फोन कटतो. म्हटलं, दाबलं आणि काही बंद पडलं तर?"

त्या दिवशी घरी आल्यावर सासूबाई चपला न काढताच लॅपटॉपपाशी बसल्या. "अगं, मी बटण वॉर्डातून पाहिलं," त्या म्हणाल्या. "ते घरातून बघायला हवं होतं." बटण हिरवं झालं. फोन परत खणखणू लागले. आणि सासूबाई गल्लीत छाती काढून चालू लागल्या. विनय वगैरे त्यांच्या स्वभावात नव्हताच. भाजीवाल्यापासून बँकेतल्या बाईपर्यंत सगळ्यांना त्या आपणहून सांगत, "पान पाहिलंत का आमचं? मी केलंय. आधी चुकून बटण लाल केलं होतं, आता हिरवं आहे, दाबून बघा. नको, खरंच दाबू नका, लागतो तो फोन."

आज नियमकाका गेले, डबे गेले, नवरा गेला. बाबा वॉकर टेकत टेबलाशी येऊन बसले.

"मग? रडणार आहेस की भांडणार आहेस?"

"दोन्ही नाही." सासूबाईंनी कपाट उघडलं आणि वॉर्डातलं जुनं घड्याळ काढलं, छातीवर उलटं टाचायचं. ते त्या ठेवणीतल्या दागिन्यासारखं जपायच्या. "सूनबाई, चारला तू चल माझ्याबरोबर. मला तुझा एक हात लागणार आहे."

केंद्राच्या पुढच्या खोलीत कुबड्या उंचीप्रमाणे भिंतीशी उभ्या होत्या, शाळेतल्या रांगेसारख्या. मिटलेल्या खुर्च्या एकीत एक अडकवलेल्या. मधे टेबल, टेबलावर पुष्पगुच्छ, आणि समोरच्या भिंतीवर प्रोजेक्टरचा उजेड. डिझायनर मुलगी आधीच आली होती. तिशीची असेल. केस वर बांधलेले, बोलणं मऊ. सुनेने मनाशी ठरवलं होतं की ही मुलगी आपल्याला आवडणार नाही. पण तिने सासूबाईंना बघितल्याबरोबर उठून स्वतःची खुर्ची दिली, आणि सुनेची पंचाईत झाली.

तिचं पान खरोखर देखणं होतं. निळसर, शांत. एका आजीबाईंच्या हातावर कुणाचा तरी तरुण हात, असा फोटो हळूहळू विरघळून दुसरा येई. अक्षरं बारीक, नाजूक. खजिनदार बाईंच्या तोंडून "अगं बाई!" निघून गेलं. अध्यक्षांना आपलं मनोगत परत पहिल्या पानावर दिसलं आणि त्यांचा चेहरा उजळला.

"कुणाला काही बोलायचं आहे? नियमाप्रमाणे विचारतो," काका म्हणाले.

"मला," सासूबाई उठल्या. "पान छान आहे. मी खोटं बोलणार नाही, माझ्यापेक्षा छान आहे. आता तो प्रोजेक्टर बंद करा. आणि काका, तुम्ही जरा त्या खाटेवर आडवे व्हा."

"मी? कशाला?"

"तुम्ही घसरताय. कडेला या. अजून. हां, आता मान सोडा."

"अहो, पडेन मी!"

"पडू देणार नाही. सूनबाई, धर."

सून पुढे झाली. तिने काकांची मान डाव्या हातावर घेतली. तो भार ओळखीचा होता. अगदी तसाच.  सासूबाईंनी तिच्या उजव्या हातात तिचा फोन दिला. त्यावर नवं पान उघडलेलं होतं.

"लाव फोन केंद्राला," त्या हळूच म्हणाल्या.

 फोटो आला. विरघळला. दुसरा आला. सुनेच्या अंगठ्याने पान वर ढकललं. मनोगत. पुन्हा वर. नंबर वरच्या कोपऱ्यात होता, मेनूच्या तीन रेघा दाबल्या की उघडणाऱ्या यादीत. तिथवर अंगठा पोचेना. पोचवायला फोन हातात सरकवावा लागे, आणि सरकवला की डावा हात हले आणि काकांची मान डुगडुगे.

"अहो, सांभाळून!" काका ओरडले. "मी खरंच पडतोय की काय!"

कुणी हसलं नाही. डिझायनर मुलगी सुनेच्या चेहऱ्याकडे बघतच नव्हती. ती खुर्ची पुढे ओढून फक्त तिच्या अंगठ्याकडे बघत होती.

"आता हे," सासूबाईंनी फोनवर जुनं पान उघडून दिलं.

सुनेने खाली पाहिलंसुद्धा नाही. अंगठा टेकला. आणि टेबलावरचा केंद्राचा फोन पुष्पगुच्छाशेजारी खणखणायला लागला.

"उचला कुणीतरी!" काका खाटेवरूनच म्हणाले. "नियमाप्रमाणे तिसऱ्या घंटेच्या आत उचलायचा असतो!"

तेव्हा मात्र सगळे हसले. सुनेने काकांना नीट बसवलं आणि डोळे पुसायला पाठ वळवली.  सासूबाईंनी छातीवरचं घड्याळ उगाचच सरळ केलं.

"मी हे पान फोनवर पाहिलं होतं," डिझायनर मुलगी सावकाश म्हणाली. "पण टेबलाशी बसून. दोन्ही हात मोकळे ठेवून." मग तिने मान वर केली. "तुम्ही बरोबर आहात, काकू. पण आता माझी पाळी. माझ्या काकांना, देणगीदारांना, लाज का वाटली ते दाखवू?"

तिने प्रोजेक्टर परत लावला आणि सासूबाईंचं पान मोठ्या पडद्यावर उघडलं. सुनेने तोंडावर हात ठेवला. फोनवर आटोपशीर दिसणारं ते हिरवं बटण इथे या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत पसरलं होतं. वाळत घातलेल्या चादरीसारखं. त्याच्यामागे बिचारं पान कुठेतरी डोकावत होतं.

सासूबाई बघतच राहिल्या. "हे असं दिसतं? इतके दिवस? मग मला कुणी बोललं का नाही?"

"आम्हाला वाटलं, मुद्दाम केलंय," खजिनदार बाई म्हणाल्या.

"तुमच्याशी वाद कोण घालणार?" अध्यक्ष पुटपुटले.

क्षणभर सुनेला वाटलं, आता स्फोट होणार. सासूबाईंच्या कानाच्या पाळ्या तांबड्या झाल्या होत्या. मग त्यांच्या पोटातूनच हसू वर आलं, दाबता दाबेना असं. "मी फक्त फोनच बघत बसले! सगळा वॉर्ड सोडून एकाच खाटेपाशी!"

मुलगीही हसली. तिने लॅपटॉप सासूबाईंच्या पुढ्यात सरकवला. "उघडा तुमचं प्लगइन. खाली बघा, तीन छोटी चित्रं आहेत. फोन, टॅब्लेट, कॉम्प्युटर. तुम्ही फोनच्या चित्रावर काम केलंत, ते तसंच राहू दे. आता कॉम्प्युटरच्या चित्रावर टिचकी मारा. बटणाची रुंदी कमी करा. तुम्हीच करा."

सासूबाईंनी डोक्यावरचा चष्मा शोधला. सुनेने तो त्यांच्या डोक्यावरूनच काढून हातात दिला. सरकपट्टी हळूहळू मागे आली आणि भिंतीवरची चादर घडी होत होत एका उशीएवढी झाली. "बस," त्या स्वतःशीच म्हणाल्या, आणि हात जागीच थांबवला.

मग दोघी एकमेकींना खेटून बसल्या आणि बाकीची बैठक त्यांच्यापुरती संपली. मुलीचा निळा रंग आला. काळी अक्षरं मोठीच राहिली. आजीबाईंच्या हाताचा फोटो एकच, न सरकणारा, आणि तोही कॉम्प्युटरवर. फोनवर नाही. अध्यक्षांचं मनोगत पुन्हा आतल्या पानावर गेलं. त्यांनी एक उसासा टाकला, पण विरोधात हात काही वर केला नाही.

सून भिंतीशी कुबड्यांच्या रांगेत उभी राहून बघत होती. लग्न होऊन आल्यावर लोक तिला विचारायचे, सासू कशी आहे? ती म्हणायची, कडक आहे. आज कुणी विचारलं असतं तर तिने काय सांगितलं असतं? तिने त्या खाटेकडे पाहिलं, मग आपल्या उजव्या अंगठ्याकडे. हे सगळं कुणासाठी केलं होतं ते या खोलीत बाकी कुणालाच माहीत नव्हतं. सासूबाईंनी बाबांच्या पडण्याचा एका शब्दाने उल्लेख केला नव्हता. नंबर साठवला नव्हता ही सुनेची चूक कुणासमोर मांडायची नव्हती त्यांना. आपली मात्र, लाल बटणाची, त्या गल्लीभर सांगत सुटल्या होत्या. सुनेला वाटलं, घरी जाऊन बाबांना सांगावं. आज आपली मान कशी ताठ झाली ते सांगावं.

"झालं," मुलगी म्हणाली. "हे मी आता माझ्या काकांना पाठवते. त्यांना काय सांगायचं ते मी बघते." तिची बोटं लॅपटॉपवर थांबली. "पानाच्या तळाशी आपण लिहू या, रचना अमुक यांची म्हणून. तुमचं नाव आधी, मग माझं. चालेल?"

"चालेल की," सासूबाई म्हणाल्या. "नको म्हणायला मी काही संत नाही. लिही, ठळक लिही."

सगळे हसले. नियमकाकांनी पुष्पगुच्छ उचलला आणि पुढे केला. "सिस्टर, हा निरोपाचा नाही आता. आणि नियमाप्रमाणे विचारतो, तुमची काही मागणी असेल तर ठरावात घालू."

सासूबाईंनी पुष्पगुच्छ घेतला आणि सुनेच्या हातात दिला. छातीवरचं घड्याळ काढून पिशवीत ठेवलं. मग त्या मुलीकडे वळल्या, आणि पहिल्यांदाच त्यांच्या आवाजातली सिस्टर जरा बाजूला झाली.

"उद्या मी नसेन, तूही नसशील. दुसरं कुणीतरी येईल, रंग बदलेल, फोटो बदलेल, अक्षरं बदलेल. बदलू दे. एकच करा. ते बटण तिथून हलवू नका."